‘दोनशे किलोमीटर घासू द्या’ : सोलापुरात टायर घेताना मी कसा फसलो

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. दिवसभराचं काम म्हणजे सुताची, रंगाची, ट्रान्सपोर्टची बिलं तपासणं. बिलावर ट्रकचा नंबर नसला तरी मी ते परत पाठवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर प्रत्येक जण विचारतो, ‘बिल घेतलं नव्हतंस का?’ नाही, घेतलं नव्हतं.

गाडी होंडा सीबीआर २५० आर, २०१२ ची, एमएच १३ पासिंग, आणि मी तिचा तिसरा मालक. हे मॉडेल २०११ मध्ये भारतात आलं आणि २०२० मध्ये बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आल्यावर बंद झालं. इंजिन अजून घड्याळासारखं चालतं. २०२२ च्या उन्हाळ्यात मागचा टायर मात्र पार संपला होता. गोटा नव्हता झाला, नक्षी दिसत होती. पण पुणे हायवेवर सरळ पळवून पळवून मध्ये सपाट झाला होता. असा टायर वळणावर गाडी झुकवली की आधी अडतो आणि मग पायरीवरून उतरल्यासारखा एकदम पडतो. पुढचाही जुनाच होता. म्हटलं, या वेळी जोडीच बदलू आणि जरा चांगल्या ग्रिपचे टायर घेऊ. एवढी स्पोर्ट गाडी ठेवायची आणि स्कूटरवाल्यासारखं वळायचं, हे मनाला पटत नव्हतं.

महिनाभर रोज रात्री जेवण झालं की टायरांबद्दल वाचत बसायचो. बायको म्हणाली, ‘अहो, पोरीच्या शाळेसाठी एवढा अभ्यास नाही केलात.’ गाडीला पुढे ११०/७०-१७ आणि मागे १४०/७०-१७ लागतात. मधल्या आडव्या रेघेचा अर्थ साधा, म्हणजे बायस टायर, आतले धागे तिरपे टाकलेला. रेघेच्या जागी इंग्रजी आर असेल तर रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ. एकीकडे बायस आणि दुसरीकडे रेडियल असा संसार आपल्या मनाने करू नये. कंपनीनेच तसं बसवून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. यामाहाच्या दुसऱ्या आर१५ ला पुढे साधा आणि मागे रेडियल कारखान्यातूनच येत होता. आकड्यांच्या पुढे ६६ एच असं काहीतरी असतं. ६६ म्हणजे तो टायर ३०० किलो भार पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालतो. कारखान्यातला एक पोरगा सांगत होता, ‘सर, दीडशेचा टाका, रुंद टायर म्हणजे ग्रिप जास्त.’ रिम तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, गोलाई बिघडते आणि गाडी वळायला कुरकुरते. त्याचं मी ऐकलं नाही. तेवढं मला कळत होतं.

आणि तेवढंच कळत होतं, हीच खरी अडचण झाली. ज्याने मला फसवलं त्याने ‘नवा’ हा एक शब्द सोडला तर धडधडीत खोटं काहीच सांगितलं नाही. मी जे अर्धवट वाचलं होतं तेच तो मला परत ऐकवत गेला. मला वाटलं, माणूस जाणकार आहे.

दुकानाचं नाव, पत्ता, पेठ यातलं काहीच लिहीत नाही. गाव तसं लहान आहे आणि मला कुणाची बदनामी करायची नाही, पद्धत सांगायची आहे. टायर कुठल्या कंपनीचे होते तेही सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. नावाजलेली परदेशी कंपनी होती, एवढं पुरे.

पहिल्या भेटीत तो म्हणाला, ‘सर, तुमच्या साइझमध्ये सॉफ्ट कंपाउंड आता मिळत नाय ओ. इंपोर्ट अडकलंय.’ सॉफ्ट कंपाउंड म्हणजे मऊ रबर, रस्ता जास्त धरणारं. इंपोर्टचं खरं होतं. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली आणि त्यानंतर बाहेरच्या कंपन्यांचे कितीतरी साइझ दुकानांतून गायब झाले. मी वाचलं होतं, म्हणून मान डोलावली. मग तो म्हणाला, ‘पुण्यात एकाकडे एक जोडी हाय. ब्रँड न्यू. तुम्ही हो म्हटलं तर उद्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने मागवतो.’ आता शांतपणे विचार केला की हसू येतं. आयात दोन वर्षांपूर्वीच आटली असेल, तर माझ्यापुढे येणारा टायर त्याच्याही आधीचा असण्याची शक्यता किती मोठी! हा साधा वजाबाकीचा प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात आला नाही. ‘शेवटची जोडी’ एवढेच दोन शब्द कानात घुमत होते. पाचशे रुपये ॲडव्हान्स मी फोनवरून पाठवला. तो दुकानाच्या नावावर गेला नाही, त्याच्या खासगी नंबरवर गेला. पुढे तेवढाच एक कागदोपत्री पुरावा हातात राहिला.

भावाची गोष्ट अशी. जोडी साडेनऊ हजार, कॅश. बिल पाहिजे असेल तर वर २८ टक्के. तेव्हा टायरवर जीएसटी खरोखरच २८ टक्के होता, म्हणजे हेही खरंच. मी हिशेबनीस, उभ्या उभ्या गुणाकार केला. बिलासकट १२,१६०, म्हणजे २,६६० वाचले. आकडा अचूक होता. (२२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे बिन-बिलाचं आमिष जरा लहान झालंय. गेलेलं मात्र नाही.)

टायर आले त्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून गेलो. दोन्ही काळेभोर चकचकीत, नुकतं तेल लावल्यासारखे. पुढच्या टायरवर कंपनीचा बारकोडचा कागद होता, मागच्यावर नव्हता. नव्या टायरवर रबराची बारीक केसं असतात, साच्याच्या भोकांतून आलेली, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. पुढच्याला होती, मागच्याला एकही नव्हतं. मी विचारलं. उत्तर आलं, ‘गाडीत मालाखाली घासून जातात ओ.’ मग म्हणाला, ‘तास लागेल सर. सात रस्त्याला जाऊन चहा घेऊन या की.’

मी चहाला गेलो. माझ्या मते साडेनऊ हजारांतले निम्मे तिथेच गेले. परत आलो तर दोन्ही टायर रिमवर चढलेले, हवा भरलेली, पोरगं चेन ताणत बसलेलं. टायर रिमवर चढला की त्याची आतली बाजू कुणालाच दिसत नाही, आणि दाखवायची नव्हती ती तीच बाजू होती.

पहिल्याच आठवड्यात दोनदा चाक हललं. एकदा पार्क चौकात झेब्रा पट्ट्यांवर, एकदा होटगी रोडला ट्रॅक्टरने सांडलेल्या मातीवर. फोन केला. तो म्हणाला, ‘सर, नवीन टायरला वरून मेणासारखा थर असतो. दोनशे किलोमीटर घासू द्या, मग बघा कसा चिकटतो ते.’ यातही खोटं काय होतं? नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवावा, एकदम झुकवू नये, हे टायर कंपन्याच सांगतात. मी घासला. दोनशे सोडा, तीन महिन्यांत हजाराच्या वर किलोमीटर झाले. मला वाटायचं, मीच घाबरट झालोय. चाळिशी आली की माणूस वळणाला घाबरतो, असं मित्र म्हणायचेच. चांगले टायर घेतलेत ही समजूत एवढी घट्ट होती की घसरण्याचा दोष मी स्वतःच्या अंगावर घेत राहिलो.

सप्टेंबरात एका रविवारी तुळजापूरला गेलो. सोलापुरात पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरातच, आणि तोही असा भुरभुर, रस्ता धुवून न काढता नुसता ओला करणारा. परतताना घाट उतरत होतो, वेग चाळीसच्या आसपास. डावं वळण. ब्रेकला हात नव्हता, गिअरही बदलला नव्हता. मागचं चाक कुणी पायाने ढकलावं तसं बाजूला गेलं आणि मी गाडीसकट रस्त्यावर. मागून गाडी आली नाही, हे नशीब. डावा कोपर सोलला, फेअरिंगचा, म्हणजे गाडीच्या प्लास्टिकच्या कवचाचा, डावा भाग फुटला, फूटरेस्ट वाकला. दर्शनाहून परतणाऱ्या एका जीपमधली माणसं धावत आली. एका मावशींनी पिशवीतली देवीची हळद काढून कोपरावर दाबली आणि म्हणाल्या, ‘आईनं राखलं बघ.’ मी रस्त्याकडे बघत होतो. तेल नाही, वाळू नाही, खड्डा नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान आहे. तिथल्या मामांची साठी उलटली आहे आणि एका कानाने ऐकू कमी येतं. त्यांच्याकडे मी फक्त हवा भरायला जायचो. चांगल्या गाडीचं काम मोठ्या दुकानात, असली माझी अक्कल. पडल्यावर मागच्या चाकातली हवा हळूहळू उतरायला लागली, म्हणून नाइलाजाने त्यांच्याकडे नेली. त्यांनी टायर हाताने चाचपला, मग अंगठ्याचं नख त्यात रोवलं. शेजारी उभ्या स्कूटरच्या टायरमध्येही रोवलं. स्कूटरच्या रबरात नखाची चंद्रकोर उमटली. माझ्या टायरवर काही नाही.

‘ह्ये रबर हाय का पाटा?’ मामा म्हणाले. ‘कधी घातलास?’

‘जूनमध्ये. नवीन.’

‘कोण म्हणला नवीन?’

टायर उतरवल्यावर आतून तळहाताएवढं ठिगळ निघालं. जुन्या पंक्चरचं, नीट घासून चिकटवलेलं. त्याचीच एक कड सुटून हवा जात होती. कडांवर, म्हणजे रिममध्ये बसतो त्या भागावर, टायर चढवायच्या लोखंडी पट्ट्यांचे जुने ओरखडे होते. माझ्याआधी हा टायर किमान एकदा कुणाच्या तरी रिमवर चढून उतरला होता. कुणीतरी वापरून काढलेला, नक्षी शिल्लक असलेला टायर धुवून वर काळं पॉलिश मारलेलं. भारतात विकायच्या दुचाकी टायरवर आयएसआयचा शिक्का लागतो, आयएस १५६२७ या मानकाचा. यावर तो शोधूनही सापडला नाही.

मग तारीख. टायरच्या बाजूला डीओटी या तीन अक्षरांनी सुरू होणारी आकडे-अक्षरांची ओळ असते आणि तिच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणि हे नीट ऐका: ही पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते. एका बाजूला सापडली नाही म्हणून सोडून देऊ नका, दुसरीकडे बघा. माझ्या मागच्या टायरवर चौकट होती, पण आत आकडे नव्हते. अंगठ्याएवढी जागा ग्राइंडरने गुळगुळीत केलेली. तीन महिने मी ती गाडी दर रविवारी पुसत होतो. ती जागा मला दिसलेली होती. मला वाटायचं, डिझाइन असेल.

मामांनी न सांगता पुढच्या चाकाकडे मोर्चा वळवला. तो बारकोडचा कागद नव्या टायरवर असतो मधोमध, नक्षीवर. माझ्या टायरवर तो बाजूला होता. तीन महिन्यांच्या धुण्या-पुसण्यात त्याची एक कड सुटली होती. मामांनी नखाने ओढला. खाली आकडे: २२१४. म्हणजे २०१४ चा २२ वा आठवडा, मे महिन्याची अखेर. मी विकत घेतला तेव्हा त्याने आठ वर्षं पूर्ण केली होती. केसं खरी होती, टायर कधी वापरला गेला नव्हता, आणि तरीही तो म्हातारा होता.

लोक म्हणतात, न वापरलेला टायर जुना असला म्हणून काय झालं? वर्ष-दीड वर्ष सावलीत नीट ठेवलेला असेल तर खरंच काही होत नाही. पण रबर नुसतं पडून राहिलं तरी बदलतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला खात असतो, त्याला मऊ ठेवणारी तेलं हळूहळू निघून जातात. उष्णतेने हे सगळं भराभर होतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ च्या पुढे जातो. पत्र्याच्या गोदामात काय होत असेल, ते सांगायला नको. जो टायर मऊपणासाठी घ्यायचा, त्याचा मऊपणाच गेला तर उरतं काय? नुसतं नाव. मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी, कितीही चांगला दिसला तरी, काढा. आणि त्या चकचकाटाबद्दल मामांनी एक सांगितलं: टायर चमकत असेल तर आधी रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, मग भाव विचारायचा. पुसल्यावर पुढच्या टायरच्या नक्षीच्या खाचांत केसांसारख्या बारीक भेगा दिसल्या.

मामा हात पुसत म्हणाले, ‘कडक झाल्यावर चांगली लागते ती फक्त भाकरी. ह्ये काढ.’

दुकानदाराकडे गेलो तर तो आधी चहा सांगत बसला. मग म्हणाला, टायर आमचे कशावरून? बिल दाखवा. मी दाखवणार काय! मग आवाज चढवून म्हणाला, पावसात गाडी पळवायची आणि आम्हाला जबाबदार धरायचं, असं कसं चालेल. दुकानात दोन पोरं टायर बघत उभी होती. माझ्या आवाजाने ती निघून गेली, एवढंच त्या दिवशीचं समाधान.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे फोन केला आणि कळलं की बिल नाही म्हणजे सगळं संपलं असं नसतं. व्यवहार झाल्याचा दुसरा पुरावा चालतो. माझ्याकडे पाचशे रुपये पाठवल्याची नोंद होती, आणि व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज, ‘सर ब्रँड न्यू पेअर आहे उद्या येतोय’, खाली टायरचा फोटो. मेसेज डिलीट न करण्याचा माझा आळस पहिल्यांदाच कामी आला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मी आधी नोटीस लिहिली. मराठीत, दीड पान. तारखा, रक्कम, २२१४ चा फोटो, ग्राइंडर मारलेल्या चौकटीचा फोटो, आतल्या ठिगळाचा फोटो. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. बिलं परत पाठवण्याचा पंधरा वर्षांचा सराव होता, भाषा आपोआप कडक उतरली.

दरम्यान दुसऱ्या दुकानातून मिशेलिनचे पायलट स्ट्रीट रेडियल घेतले, पुढे-मागे दोन्ही. जोडीला बिलासकट बारा हजारांच्या जरा वर गेले, म्हणजे जूनमध्ये मी गुणाकार करून बिलासकटची जी रक्कम काढली होती जवळपास तेवढेच. या वेळी चहाला गेलो नाही. टायर रिमवर चढायच्या आधी हातात घेतला, आतून हात फिरवला, आकडे वाचले. २८२२, म्हणजे तीन-चार महिन्यांपूर्वीचा. दुकानदाराला म्हटलं, हे चार आकडे बिलावर लिहा. त्याने माझ्याकडे बघितलं, पण लिहिले. जो लिहायला कांकू करेल त्याच्याकडून घेऊ नका; तो आकडा काय आहे हे त्याला तुमच्याआधी माहीत असतं. याही टायरला शे-दीडशे किलोमीटर जपलं. फरक एवढाच की ते झाल्यावर तो खरोखर चिकटायला लागला, आणि माझी चाळिशीची भीती कुठल्या कुठे गेली.

नोटीस पोचल्यावर बारा दिवसांनी जुन्या दुकानदाराचा फोन आला. एकदम गोड. ‘सर, कशाला कोर्ट-कचेरी? सहा हजार घ्या आणि विषय मिटवा. फक्त टायर परत आणून द्या.’

हे शेवटचं वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. त्याला टायर परत कशाला पाहिजेत? नवं पॉलिश, नवा स्टिकर, आणि नव्या रेसिंग गाडीच्या नादात असलेलं कुणाचं तरी पोरगं. तक्रार लढवायची म्हटलं तर टायर हाच पुरावा, तो हातचा सोडायचा नसतो, हे मला माहीत होतं. पण मला कारखान्यातून दर तारखेला सुट्टी मिळणार नव्हती आणि घरी या विषयाला सगळे कंटाळले होते. तडजोड करायची ठरवलं. हे धैर्याचं काम नव्हतं, सरळ सांगतो.

त्याच्याकडे जायच्या आधी गाडी मामांच्या दुकानासमोर थांबवली. मामांनी काही विचारलं नाही. पात्याला पाणी लावलं आणि दोन्ही जुन्या टायरच्या बाजूंना वीत-वीतभर लांब दोन-दोन काप घेतले, आरपार. बाजूचं रबर असं कापलं की त्याला ठिगळ लागत नाही.

दुकानदाराने टायर हातात घेऊन फिरवले, काप बघितले, आणि गल्ल्यातून काढलेल्या सहा हजारांतले तीन परत आत ठेवले. म्हणाला, ‘माल खराब करून आणलाय सर.’

मी तीन हजार मोजून घेतले आणि पावती मागितली. ती त्याने दिली नाही.